पाळत, चोरी आणि वेडाचा शिक्का: रिचर्ड राईट यांची फाईल आपण का वाचावी?

चळवळीत चार-पाच वर्षं काढलेल्या प्रत्येकाने दोन वाक्यं कधी ना कधी ऐकलेली असतात. "माझ्यावर पाळत आहे", हे एक. "माझा विचार त्यांनी चोरला", हे दुसरं. कुणी म्हणतो फोनमध्ये खरखर येते, कुणी म्हणतो सभेत मागे बसलेला तो माणूस साध्या वेशातला पोलीस होता, कुणी म्हणतो मी कार्यशाळेत मांडलेला मुद्दा महिन्याभरात अमुक नेत्याच्या भाषणात जसाच्या तसा आला.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली हसण्याची: "तुझ्यावर कोण पाळत ठेवणार? तू एवढा मोठा कधी झालास?" दुसरी याच्या अगदी उलट. ऐकणारा लगेच मान डोलावतो, आवाज खाली आणतो आणि संशयितांच्या यादीत आणखी तिघांची नावं घालतो. आमचं म्हणणं असं आहे की या दोन्ही प्रतिक्रियांनी चळवळीचं सारखंच नुकसान केलं आहे. कारण इथे प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकच समजतो. पाळत खरंच आहे का, हा एक प्रश्न. आणि हा आपला माणूस आतून खचत चालला आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं 'नाही' होत नाही. पहिल्याचं 'नाही' आलं म्हणून दुसरा प्रश्न चेष्टेचाही होत नाही.

हे नीट समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे जावं लागतं. आपलं त्यांच्याशी नातं जुनं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि ड्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही पाठवलं होतं. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. पण त्यांचा जो इतिहास आपण पोस्टरवर लावतो, त्याच्या मागच्या बाजूला फाईलींचाही एक इतिहास आहे. तो आपल्याकडे फार कमी वाचला गेला आहे.

रिचर्ड राईट यांचं नाव आपल्या वाचणाऱ्या मुलांना माहीत असतं. १९०८ साली मिसिसिपी राज्यात जन्म. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले, वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. शाळा नववीपर्यंत. मेम्फिस शहरात काळ्या माणसाला सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे, म्हणून या पोराने एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं. "या काळ्या पोराजवळ अमुक पुस्तकं द्यावीत" अशा अर्थाची चिठ्ठी त्या गोऱ्याच्या नावाने स्वतःच लिहिली आणि निरोप्या बनून पुस्तकं आणली. ज्ञानबंदी काय असते हे ज्यांना सांगावं लागत नाही, त्यांना हा प्रसंग लगेच कळेल. पुढे १९४० मध्ये त्यांची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी आली आणि तीन आठवड्यांत तिच्या दोन लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९४५ मध्ये 'ब्लॅक बॉय' हे आत्मकथन आलं.

एफबीआयची फाईल मात्र 'ब्लॅक बॉय'च्या आधीच उघडली गेली होती. १९४१ मध्ये राईट यांनी छायाचित्रांसह काळ्या माणसांचा लोक-इतिहास लिहिला होता. त्या पुस्तकात राजद्रोह आहे का, याची चौकशी १९४२ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास राईट कम्युनिस्ट पक्षापासून दूर झाले होते आणि १९४४ मध्ये त्यांनी तसं जाहीरपणे लिहिलंही. तरी फाईल बंद झाली नाही. पक्षात होता म्हणून संशय, पक्ष सोडला तरी काळ्यांच्या प्रश्नावर बोलतोच आहे म्हणून पुन्हा संशय. ही रीत आपल्याला ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर राईट पत्नी-मुलीसह पॅरिसला गेले आणि तिथेच राहिले. पॅरिसमधल्या एका कॅफेत काळे अमेरिकन लेखक, चित्रकार, संगीतकार जमायचे. राईट तिथे म्हणायचे की आपल्यातल्या कुणीतरी आपल्याबद्दल दूतावासाला कळवतं आहे. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं तर त्याच दूतावासाच्या दारात उभं राहावं लागे आणि जुन्या राजकारणाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. राईट यांनी १९५१ मध्ये तिथल्या काळ्या अमेरिकनांच्या हक्कांसाठी एक मंडळ काढलं. जेम्स बॉल्डविन तेव्हा तरुण होते. त्यांनी पुढे त्या मंडळाच्या बैठकीचं बरंच खवचट वर्णन केलं आहे. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की त्याच बॉल्डविन यांच्यावर एफबीआयने नंतर जी फाईल रचली ती १८८४ पानांची निघाली.

१९५७ साली एक प्रकार घडला. 'लाईफ' मासिकात अल्जीरियातल्या फ्रेंच धोरणावर टीका करणारं पत्र छापून आलं. खाली नाव होतं ऑली हॅरिंग्टन यांचं. हॅरिंग्टन हे व्यंगचित्रकार आणि राईट यांचे जवळचे मित्र. परदेशी माणसाने अल्जीरियाबद्दल असं लिहिलं तर फ्रान्समधून हकालपट्टी होऊ शकत होती. हॅरिंग्टन यांनी ते पत्र लिहिलेलंच नव्हतं. चौकशीत कळलं की ते रिचर्ड गिब्सन या त्यांच्याच वर्तुळातल्या काळ्या पत्रकाराने लिहिलं होतं. दोघांत एका घरावरून भांडण होतं, एवढंच कारण तेव्हा पुढे आलं. राईट यांना ते पटलं नाही. त्यांनी त्यावर 'आयलंड ऑफ हॅल्यूसिनेशन' नावाची कादंबरी लिहायला घेतली. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने खुल्या केलेल्या कागदांतून दिसलं की गिब्सन सीआयएसाठी काम करत होता. पण त्या कागदांतली नोंद १९६५ पासूनची आहे. १९५७ च्या पत्रामागे सीआयए होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आम्ही ही तारीख मुद्दाम सांगतो आहोत, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही गोष्ट आली असती तर मधली आठ वर्षं नक्की गळाली असती.

फाईलमधून राईट यांच्याबद्दल एक अवघड गोष्टही बाहेर आली. १९५६ मध्ये पॅरिसला काळ्या लेखक-कलावंतांची मोठी परिषद भरली. तिच्यावर कम्युनिस्टांचा कब्जा होईल या काळजीने राईट स्वतः अमेरिकन दूतावासात जाऊन बोलले होते. ज्या खिडकीतून आपल्याकडे पाहिलं जातं आहे असं त्यांना वाटत होतं, त्याच खिडकीशी ते एकदा स्वतः गेले. यामुळे राईट आमच्या नजरेत लहान होत नाहीत. पण पाळतीखाली जगणारा माणूस कसा वाकतो, पासपोर्टचा शिक्का हातात असलेल्याशी तो कसा जमवून घ्यायला लागतो, हे यातून दिसतं. ज्यांच्या नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, जात-पडताळणीचे कागद सरकारी टेबलावर अडकलेले असतात त्यांनी याला घाईने 'गद्दारी' म्हणू नये.

शेवटची दोन-तीन वर्षं राईट आजारी होते. आमांशाने शरीर पोखरलं होतं, पैसे कमी पडत होते. इंग्लंडला जाऊन स्थायिक व्हायचा प्रयत्न केला तर तिथल्या सरकारने परवानगी दिली नाही. मित्रांना वाटायचं की राईट यांना आता सगळीकडे हेर दिसतात. नोव्हेंबर १९६० मध्ये पॅरिसमधल्या अमेरिकन चर्चमध्ये त्यांनी भाषण केलं आणि काळ्या लेखक-कलावंतांत खबऱ्या कशा पेरल्या जातात ते उघडपणे मांडलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ५२. हॅरिंग्टन यांना त्या मृत्यूबद्दल संशय होता, राईट यांच्या मुलीनेही तो बोलून दाखवला आहे. पुरावा मिळालेला नाही आणि पुराव्याशिवाय आम्ही खून म्हणणार नाही. पण पाळत होती, ती अठरा वर्षं होती आणि ती कागदावर आहे. हेर दिसतात म्हणून ज्याला मित्र हसले, त्याची मूळ तक्रार खरी होती. आणि तो माणूस खचलाही होता. दोन्ही एकाच वेळी.

आता विचारांच्या चोरीकडे येऊ. इथे आपण जास्त घसरतो.

१९५५ मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरली. नेहरूही तिथे होते. राईट पॅरिसहून तिकडे गेले आणि त्यावर 'द कलर कर्टन' हे पुस्तक लिहिलं. प्रवासाचा खर्च उचलला 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेने. १९६६-६७ मध्ये जाहीर झालं की या संस्थेला सीआयएचा पैसा होता. तोवर राईट जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे ज्याच्यावर एका सरकारी खात्याची फाईल चालू आहे, त्याच्याच लेखणीचा खर्च दुसऱ्या खात्याच्या पैशातून भागतो आहे. याला चोरी म्हणायचं का? त्यांचं एक वाक्यही कुणी पळवलं नाही. पुस्तक त्यांच्याच नावाने आलं, मतंही त्यांचीच होती. फक्त त्या मतांचा उपयोग कोण कशासाठी करणार होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्हाला हा प्रकार साध्या चोरीपेक्षा जास्त घातक वाटतो, कारण यात तक्रार करायलाही जागा राहत नाही.

बॉल्डविन यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी एफबीआयवरच पुस्तक लिहिणार असल्याचं जाहीर केलं, नावही ठरलं होतं. एफबीआयने ते पुस्तक कुठवर आलं, कोण छापणार, याचा माग काढायला सुरुवात केली. ते पुस्तक कधीच आलं नाही. न लिहिलेल्या पुस्तकाची फाईल मात्र आहे.

तिसरं उदाहरण पँथर्सच्या नाश्त्याचं. जानेवारी १९६९ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि तो उपक्रम शहराशहरात पसरला. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना बंदुकांइतकाच हा नाश्ता डाचत होता. लोक पँथर्सच्या बाजूला यामुळेच जातील, असं त्यांनी आपल्या कार्यालयांना बजावलं. नंतर १९७५ मध्ये अमेरिकी सरकारची शालेय नाश्ता योजना कायमची झाली. आज समाजमाध्यमांवर सर्रास लिहिलं जातं की सरकारने ही कल्पना पँथर्सकडून चोरली. तारखा पाहिल्या तर सरकारी योजना प्रायोगिक स्वरूपात १९६६ मध्येच सुरू झालेली होती, पँथर्सच्या तीन वर्षं आधी. मग पँथर्सचं श्रेय शून्य? मुळीच नाही. रखडलेली योजना मोठी करायला सरकारला लाज वाटली पाहिजे, तसं चित्र त्यांनी रस्त्यावर उभं केलं. पण हे श्रेय 'चोरली' या शब्दात मावत नाही. चोरीचा दावा केला की समोरचा १९६६ ची तारीख दाखवतो आणि आपण गप्प बसतो. दबावाचा इतिहास सांगितला तर त्याला गप्प बसावं लागतं.

आपल्याकडे चोरी नाही असं मात्र कुणी समजू नये. आम्ही समाजशास्त्र शिकलो आणि वस्त्यांमध्ये काम करतो, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. संशोधक येतात, बायांच्या मुलाखती घेतात, जुन्या शाहिरांकडून वह्या नेतात, कार्यकर्त्याबरोबर पंधरा दिवस हिंडतात. मग प्रबंध होतो, पुस्तक होतं, परिसंवाद होतात. ज्या कार्यकर्त्याने अख्खी मांडणी समजावून सांगितली तो तळटीपेतही नसतो, किंवा 'एक स्थानिक माहितगार' म्हणून असतो. जातिव्यवस्थेत हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं ही वाटणी जुनीच आहे. म्हणूनच एखादा पोरगा "माझं चोरलं" म्हणाला की आम्ही आधी विचारतो, कुठे मांडलं होतंस, कधी, लिहून ठेवलं आहेस का? बऱ्याचदा उत्तर येतं की भाषणात बोललो होतो. बाबासाहेबांचीच वाक्यं आपण दोघांनी वाचलेली असतील तर दोघांच्या भाषणात ती येणारच, हेही मग सांगावं लागतं.

आता वेडाच्या शिक्क्याकडे. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराईट नावाच्या डॉक्टरने 'ड्रेपटोमेनिया' नावाचा एक नवा मानसिक आजार जाहीर केला. लक्षण एकच: गुलाम मालकापासून पळून जातो. उपाय म्हणून त्याने वेळीच फटके द्यायला सांगितले होते. हे जुनं झालं म्हणाल तर १९६८ कडे या. त्या वर्षी मानसोपचारशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात दोन डॉक्टरांनी काळ्या पुरुषांमधल्या 'निषेधाच्या वेडा'वर लेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात संशयग्रस्त स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात आक्रमकपणा आणि वैरभावावर भर होता. जोनाथन मेट्झल यांनी मिशिगनमधल्या आयोनिया इथल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की आधी तिथे स्किझोफ्रेनियाचं निदान बहुतांश गोऱ्या, निरुपद्रवी बायकांचं व्हायचं. साठच्या दशकात ते डेट्रॉईटच्या काळ्या पुरुषांचं व्हायला लागलं. त्या काळात एका औषधाच्या जाहिरातीत मूठ आवळलेला संतापलेला काळा माणूस दाखवला होता. आवळलेली मूठ आपल्यासाठी घोषणा असते, औषध विकणाऱ्यासाठी ते लक्षण झालं.

मग आजार ही सगळी सत्तेची बनवाबनवी आहे का? काही मित्र असं म्हणतात आणि टाळ्या मिळवतात. आम्हाला ते मान्य नाही, आणि कारण म्हणून आम्ही जेम्स टिली मॅथ्यूज यांचं नाव घेऊ. लंडनचा हा चहाचा दलाल १७९७ मध्ये बेथलेम मनोरुग्णालयात कोंडला गेला. त्याचं म्हणणं असं की शहरात एक टोळी आहे, तिच्याकडे वायूवर चालणारा माग आहे. त्या यंत्राच्या किरणांनी ते लोक त्याच्या डोक्यातले विचार काढून घेतात आणि परके विचार घालतात. त्याने त्या यंत्राचं तपशीलवार चित्रही काढलं. त्याचे डॉक्टर जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक छापलं. विचार चोरले जात असल्याच्या समजुतीची इतकी सविस्तर नोंद त्याआधी झालेली नव्हती. तो माग कुठेच नव्हता. माणूस आजारी होता. पण हाच मॅथ्यूज फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत इंग्लंड-फ्रान्स समेटासाठी खरोखर खेपा घालत होता, फ्रान्समध्ये कैदेत राहिला होता आणि परतल्यावर इंग्रज मंत्र्यांनी त्याला झटकून टाकलं होतं. त्यातला हा भाग खरा. तो बरा आहे असं दोन बाहेरच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी त्याला सोडलं नाही. १८१५ मध्ये तो वारला, आणि त्याच सुमारास संसदेच्या चौकशीत बेथलेमचे हाल बाहेर आल्यावर हॅस्लम यांची नोकरी गेली. म्हणजे यंत्र खोटं, दगा खरा, आजार खरा आणि इलाजाच्या नावाने झालेला अन्यायही खरा. अशा माणसाला 'सगळं खरं आहे तुझं' म्हणणारा त्याचा मित्र नव्हे. 'सगळं तुझ्या डोक्यातलं आहे' म्हणणाराही नव्हे.

चळवळीला सर्वात जास्त किंमत मोजावी लागते ती मात्र तिसऱ्याच गोष्टीची. ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी काही युद्धविरोधी नागरिकांनी एफबीआयच्या छोट्या कार्यालयात शिरून कागदपत्रं पळवली आणि वृत्तपत्रांना पाठवली. 'कॉइंटेलप्रो' हा शब्द जगाला तिथून कळला. त्यातल्या एका कागदात अशी सूचना होती की कार्यकर्त्यांच्या चौकश्या वाढवा, म्हणजे त्यांच्यातला संशय वाढेल आणि प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं त्यांना वाटायला लागेल. नीट वाचा. प्रत्येक पेटीमागे माणूस उभा करायचा नव्हता, तेवढे पगार कोण देणार? तसं वाटायला लावायचं होतं. आपल्या मनातला संशय हे त्यांचं सर्वात स्वस्त हत्यार होतं.

ते कसं चाललं हे शिकागोत पाहावं. फ्रेड हॅम्पटन, वय २१, पँथर्सचा तिथला नेता. गोऱ्या गरिबांना आणि पोर्तो रिकन तरुणांना एकत्र आणत होता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. हॅम्पटन अंथरुणातच मारला गेला, मार्क क्लार्कही गेला. ऐंशीहून जास्त गोळ्या पोलिसांच्या, पँथर्सची एक. घराचा नकाशा पुरवला होता विल्यम ओनील याने, आणि तो शिकागो शाखेचा सुरक्षाप्रमुख होता. खबरे शोधण्यात सगळ्यांत पुढे तोच. खबऱ्यांना घाबरवायला विजेची खुर्ची बनवण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. छाप्यानंतर एफबीआयने त्याला ३०० डॉलर बक्षीस दिलं.

त्याच वर्षी मे महिन्यात न्यू हेवनमध्ये अ‍ॅलेक्स रॅकली या पँथर्सच्याच पोराला खबऱ्या समजून त्याच्याच साथीदारांनी छळलं आणि ठार मारलं. तो खबऱ्या असल्याचा पुरावा कधीच निघाला नाही. दोन घटना शेजारी ठेवा: खरा खबऱ्या पदावर आणि निर्दोष पोरगा दलदलीत.

पुढे ओकलंडमधले ह्यूई न्यूटन आणि अल्जीरियात आश्रय घेतलेले एल्ड्रिज क्लीव्हर यांच्यात एफबीआयने बनावट पत्रं पेरली. एकाला वाटावं की दुसरा आपला काटा काढतो आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये दोघे चालू दूरचित्रवाणी कार्यक्रमात फोनवर भांडले आणि पक्ष फुटला. नंतरच्या दोन महिन्यांत रॉबर्ट वेब आणि सॅम्युअल नेपियर हे दोन कार्यकर्ते न्यूयॉर्कमध्ये मारले गेले. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीने १९७६ मध्ये मोजदाद केली, तेव्हा काळ्यांच्या संघटनांविरुद्धच्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथर्सविरुद्धच्या निघाल्या.

मुंबईतली पँथर १९७२ मध्ये उभी राहिली आणि १९७४ मध्ये फुटली. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या फुटीबद्दल भरपूर लिहिलं आहे. बुद्ध की मार्क्स हा वाद खरा होता आणि तो करायलाच हवा होता. पण त्या वादात 'तू कुणाचा माणूस' हा प्रश्न जितक्या सहज फेकला गेला, तितक्या सहज तो आजही फेकला जातो. संघाचा दलाल, काँग्रेसचा दलाल, नक्षल्यांचा दलाल. एखाद्या मुलीने संघटनेतल्या पुरुषाविरुद्ध तक्रार केली तर तीही लगेच 'पेरलेली'. यासाठी कुठल्या गुप्तचर खात्याला पत्र लिहावं लागलेलं नाही.

पाळत आपल्याकडे नव्हती असं नाही. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीविषयीच्या मूळ साधनांचा खंड प्रसिद्ध केला. तो आपल्या अभ्यासकांच्या कपाटात असतो. त्यात ब्रिटिश काळातल्या पोलिसांच्या गोपनीय अहवालांतले उतारे आहेत. सभा कुठे झाली, किती माणसं होती, कोण काय बोललं. आपले लोक भाषण ऐकत होते आणि पोलीस ते टिपून घेत होता. आज त्याच टिपणांवरून आपण चळवळीचा इतिहास लिहितो.

आणि आत्ताचं म्हणाल, तर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतातल्या काही कार्यकर्त्यांना, वकिलांना, पत्रकारांना कळवलं की त्यांच्या फोनवर पेगाससचा हल्ला झाला होता. आनंद तेलतुंबडे त्यांच्यापैकी एक. २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रं घुसवल्याचा अहवाल दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगाससच होतं असं ठरलं नाही आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. आमचे बरेच मित्र यातला फक्त ५ हा आकडा सांगतात, विरोधक फक्त २४ चा सांगतात. आमच्यासाठी दोन्ही आकडे महत्त्वाचे आहेत. ज्या २४ फोनमध्ये काही सापडलं नाही, तेही संशय आल्यामुळेच तपासायला दिलेले होते. रात्रीची झोप त्यांचीही उडालेली असणार.

म्हणून एखादा साथी "माझ्यावर पाळत आहे" म्हणाला तर आम्ही काय करतो ते सांगतो. तारीख-वार लिहून काढायला लावतो: कोण, कुठे, काय, साक्षीदार कोण. फोन जाणकाराकडून तपासून घेतो. नावं जाहीर करायची नाहीत, ग्रुपवर टाकायची नाहीत. आणि झोप किती होते, जेवण चालू आहे का, घरच्यांवरही संशय यायला लागला आहे का, बातम्या वाचणारी बाई आपल्यालाच उद्देशून बोलते असं वाटतं का, हेही विचारतो. यातलं शेवटचं 'हो' आलं की डॉक्टरकडे सोबत जातो, टाळाटाळ करत नाही. टेलीमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर मराठीतही बोलते. विहारात ताईत-गंडा चालत नाही, तसंच "ध्यान कर, बरं होईल" असं म्हणून औषध लांबवणंही आम्ही चालू देत नाही. दुसऱ्या बाजूने डॉक्टरलाही त्या माणसावर प्रत्यक्ष गुन्हे नोंद आहेत, पोलीस खरोखर घरी येऊन गेले आहेत, हे कागदासह सांगतो. नाहीतर खरी गोष्टही भ्रमाच्या रकान्यात जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थितीवरून, किंवा समाजाची आणि राजकारणाची रूढ मूल्यं मानत नाही म्हणून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कार्टराईटच्या फटक्यांपासून इथवर यायला कायद्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

राहिला प्रश्न आपल्या फाईलींचा. अमेरिकेत राईट, बॉल्डविन यांच्या फाईली माहितीच्या कायद्याखाली लोकांनी भांडून बाहेर काढल्या. त्यातल्या कितीतरी ओळी काळ्या शाईने झाकलेल्या आहेत, पण ज्या उघड्या आहेत त्यांवर पुस्तकं लिहिली गेली. दलित पँथरच्या काळातल्या, जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीच्या आणि भागवत जाधव यांच्या मृत्यूच्या पोलिसी नोंदी आता पन्नास वर्षांहून जुन्या झाल्या आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही अपवाद सोडून, द्यावी असं म्हटलं आहे. चोविसावं कलम गुप्तवार्ता यंत्रणांना सूट देतं, तेव्हा नकार येऊ शकतो. तरी अर्ज करावा. वकिली शिकणाऱ्या मुलांनी मसुदा करावा, जुन्या पँथर्सकडून तारखा आणि ठिकाणं लिहून घ्यावीत, एकेका घटनेची एकेक मागणी करावी. नकार आला तर तो लेखी घ्यावा, पहिलं अपील तीस दिवसांत करावं आणि दोन्ही कागद जपून ठेवावेत.